चहातले थेंब

निवृत्तीच्या समारंभात मला शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं, आणि पंधराव्या दिवशी भाऊ मिळाला. पाटण तालुक्यातल्या झेडपीच्या शाळांमधून मी एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नाही. मनाशी ठरवलं होतं, आता दोन वर्षं नुसतं झोपायचं. कसलं काय! गावाकडून चुलतभावाचा फोन आला, "आक्का, ये बाई आता. ह्यो कुनाचंच काय खाईना झालाय."

ह्यो म्हणजे माझा सख्खा धाकटा भाऊ. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. आई रानात असायची, त्यामुळं तो माझ्या कडेवरच वाढला. मोठा होऊन फौजेत ड्रायव्हर झाला, बर्फात गाड्या चालवल्या, आणि चाळिशी उलटल्यावर आजारपणाचा शेरा घेऊन घरी आला. आईवडील गेले होते, लग्न टिकलं नव्हतं. कुंडलच्या अलीकडं आमचं गाव, तिथल्या घरात तो एकटाच राहायचा. ऊस चुलतभाऊ बघायचा.

मी गेले तेव्हा तो दारातच उभा होता. दाढी वाढलेली, गळ्याची हाडं दिसत होती. मला बघून म्हणाला, "आलीस व्हय. बरं झालं. हितं समदी मला जेवनातनं कायतरी घालत्यात." मी म्हटलं, "कोण घालतंय रं?" तर बोटानं सगळी गल्ली दाखवली. आणि उसापलीकडच्या टॉवरवरनं कुणीतरी त्याच्या डोक्यात शब्द सोडतंय, हेही सांगितलं. "आक्का, ह्यो इचार माझा न्हाई. कुनीतरी आत टाकलाय," असं तो दिवसातून वीस वेळा म्हणायचा. त्याचं म्हणणं अगदी साधं होतं, की मला न विचारता माझ्या डोक्यात शिरायचा कुणाला हक्क नाही. तसं बघितलं तर त्यात चूक काय होतं?

त्या दिवशी मी भाकरी थापली, पिठलं केलं. त्यानं ताटाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "तुझ्या हातचं खातो. तू न्हाई तसलं करनार." आणि सहा भाकरी खाल्ल्या. मला इतकं बरं वाटलं की मी मोरीत जाऊन रडले.

त्याला आधी साताऱ्याला दाखवलं, कारण तिथं माझ्या ओळखी. आजाराचं नाव कळलं, स्किझोफ्रेनिया. गोळ्या मिळाल्या. गोळी तोंडात टाकायचा, वर पाणी प्यायचा, मला जीभ काढून दाखवायचा, आणि मी वळले की गालातली गोळी थुंकायचा. महिनाभरानं मोरीचं पाणी तुंबलं म्हणून काडी घातली, तर आतनं पांढरा लगदा निघाला. एक महिन्याचं औषध आमच्या मोरीनं खाल्लं होतं. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की मी त्याच्यावर ओरडले. मग तो तीन दिवस जेवला नाही. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, अशी गत.

त्यात घरी येणारे एकेक उंटावरचे शहाणे. एक म्हणाला दुसरं लग्न लावून द्या, सरळ येतोय का न्हाई बघा. एक म्हणाली कुणीतरी केलंय, बघून घ्या. एकानं तर माझ्यापुढंच त्याला सांगितलं, "गड्या, फौजेतला माणूस तू, मन घट्ट कर की." मी म्हटलं, "आवं दाजी, तुमचा गुडघा दुखतोय, तोही मन घट्ट करून बरा करा." पुन्हा आले नाहीत. बरंच झालं.

सांगलीला एक डॉक्टरीणबाई आहेत असं कळलं, म्हणून मी आधी एकटीच गेले. माझ्या जुन्या विद्यार्थिनी असतील त्या वयाची मुलगी, पण ऐकून घेणारी. मी सगळं सांगितलं. तिनं पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "बाई, एक सोय आहे, पण मला ती आवडत नाही. थेंबांसारखं पातळ औषध येतं. रंग नाही, वास नाही. त्यांच्या नकळत द्यावं लागेल." मी म्हटलं, "द्या." ती म्हणाली, "पाण्यातून, दुधातून नाहीतर संत्र्याच्या रसातून द्यायचं. आणि हे कायमचं नाही. त्यांना जरा बरं वाटलं की तुम्ही त्यांना खरं सांगायचं. कबूल?" मी म्हटलं, कबूल. तेव्हा मी काहीही कबूल केलं असतं.

आता हा बाबा पाणी प्यायचा ते स्वतः बोअरवरनं भरून आणलेलं, स्वतःच्या तांब्यातलं. दूध सोडलेलं, कारण म्हैस चुलतभावाची. संत्र्याचा रस? आमच्या गल्लीत संत्रं आणलं तर आधी चार जण विचारतील, घरात कोण आजारी आहे. राहिला चहा. चहाला आमच्याकडं कुणी नाही म्हणत नाही. मरणाच्या घरीसुद्धा चहा होतो, भांडण झालेल्या घरी चहा होतो. भाऊ रागात भाकरीला नाही म्हणायचा, चहाला कधीच नाही. आणि औषध जिभेला जरा कडवट लागायचं, मी चाखलं होतं. आमचा चहा म्हणजे उसाच्या मुलखातला, साखर ओतलेला, आलं ठेचून घातलेला, पत्ती उकळून उकळून काळी पडलेली. त्यात कडू काय कळणार? शिवाय मी म्हटलं, चहा म्हणजे तरी काय, पाणीच, वर दूधही आहेच. डॉक्टरीणबाईच्या तीनपैकी दोन गोष्टी त्यात आल्या. इतकी हुशार मी.

तो रोज चुलीशेजारी, म्हणजे गॅसच्या ओट्याशेजारी, पाटावर बसून पातेल्याकडं बघत राहायचा. पाणी, पत्ती, साखर, पिशवीचं दूध, सगळं त्याच्यादेखत. औषध मी आधीच त्याच्या पेल्याच्या तळाशी घातलेलं असायचं, पाण्याचा ओलावा वाटावा एवढंच. वरनं चहा ओतला की झालं. मी माझा पेला उचलून आधी घोट घ्यायची, मग तो घ्यायचा. सकाळ-संध्याकाळ. पहिल्या दिवशी हात इतके थरथरले की चहा बशीभर सांडला. आठव्या दिवशी थरथरायचे थांबले. माणसाला कशाचीही सवय होते, खोटेपणाची तर फार लवकर होते.

महिना झाला. फरक नाही. डॉक्टरीणबाईनं फोनवर माप वाढवलं. दुसरा महिना झाला. तो आता उन्हातान्हाचा अंगणात येरझाऱ्या घालायचा, टॉवरकडं बघून हात जोडायचा, कधी शिव्या द्यायचा. पुन्हा माप वाढलं. मी रोज त्याच्या तोंडाकडं बघायची, आज नजर जरा निवळलीय का, आज बोलणं जरा सुसंगत आहे का. शेजारच्या बाया विचारायच्या, "आक्का, काय कमी-जास्त?" मी म्हणायची, "हाय की, बरं हाय." काय सांगणार? मी इतकी दमून गेले होते की दुपारी भाजी चिरताना बसल्या बसल्या डोळा लागायचा आणि विळी पायात पडायची.

तिसऱ्या महिन्यात एका सकाळी मी चहा ओतला. माझा पेला उचलला, तर त्यानं माझं मनगट धरलं. "थांब," म्हणाला. "आज तू माझा पी. मी तुझा पितो."

मी म्हटलं, "का रं? चहा तर एकाच पातेल्यातला." तो म्हणाला, "मग पी की." मी म्हटलं, "माझ्यावर बी संशय घेतोस व्हय रं?" त्यानं मनगट सोडलं नाही. "न्हाई घेत. तू म्हन काय न्हाई घातलं. आईची शपथ घे." आणि मी घेतली. आईची शपथ, ह्यात काय न्हाई. मग त्याचा पेला उचलला आणि गटागटा पिऊन टाकला. फौजेत ट्रक चालवणाऱ्या माणसासाठी दोनदा वाढवलेलं माप, आणि मी त्रेपन्न किलोची बाई. म्हटलं, आता आडवी होते. झोप तरी लागेल.

आम्ही दोघं ओसरीवर बसलो. तो माझ्याकडं बघत होता, मी अंगणाकडं. तास गेला, दोन तास गेले. उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावरनं गेल्या. मला चक्कर आली नाही, गुंगी आली नाही, जीभ जड झाली नाही. मी उठून ज्वारी निवडली, भांडी घासली. बारा वाजता त्यानं श्वास सोडला आणि म्हणाला, "न्हाई झालं तुला काय. चुकलं माझं, आक्का." आणि माझ्या पायाला हात लावला. त्याच्या त्या वाकलेल्या मानेकडं बघून मला इतकी लाज वाटली की मी पाय ओढून घेतले.

पुढच्या आठवड्यात मी सांगलीला गेले. डॉक्टरीणबाईला सांगितलं, की बाई गं, असं असं झालं, मलाच प्यावं लागलं. ती दचकून खुर्चीत पुढं झाली. "मग? काय काय झालं तुम्हाला? उठवत नव्हतं ना?" मी म्हटलं, "काही झालं नाही. भांडी घासली." ती म्हणाली, "काहीच नाही? एवढ्या मापानं तुम्ही दिवसभर झोपायला हवं होतं. उठताना घेरी यायला हवी होती." मग तिनं विचारलं, "कशातून घेतलंत?"

"चहातून."

तिनं कपाळावर हात ठेवला. ओरडली नाही, ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "बाई, हे औषध चहात नाही चालत. चहात जो तुरटपणा असतो ना, त्याच्याशी ते बांधलं जातं, साका होऊन बसतं. मग पोटातनं रक्तात उतरतच नाही नीट. मेंदू राहू द्या, ते पेल्यातच संपत होतं." तीन महिने. आमच्या उकळून काळ्या केलेल्या चहात.

परतीच्या एसटीत मला खिडकीची जागा मिळाली. पिशवीत औषधाचा खोका होता, त्यातला घड्या घातलेला कागद मी पहिल्यांदा उलगडला. मुंगीच्या पायांएवढं इंग्रजी. चष्मा पुसून वाचत गेले, आणि सापडलं. चहातून देऊ नये, सरळ लिहिलेलं होतं. एकतीस वर्षं मी पोरांना सांगत आले, आधी सूचना नीट वाचा, मग लिहायला लागा. पुढं दोन ट्रॉल्या अडकल्या होत्या, गाडी अर्धा तास हलली नाही. मला रडूही आलं नाही. नुसतं वाटलं, इथंच उतरावं, उसात शिरावं आणि आडवं व्हावं. भावाला फसवलं, आईची खोटी शपथ घेतली, आणि ते सगळं फुकट. पाप केलं आणि त्याचा उपयोगही झाला नाही. असलं पाप कुठल्या तोंडानं कुणाला सांगायचं?

डॉक्टरीणबाईनं दोन वाटा सांगितल्या होत्या. एक, चार जण घालून त्याला उचलून आणायचा आणि भरती करायचा. दुसरी, महिन्याला एक इंजेक्शन, पण त्यासाठी तो स्वतःहून आला पाहिजे. पहिली वाट केली असती तर तो बरा झालाही असता, पण त्यानंतर जगात कुणाच्या हातचं खाल्लं असतं? मी मुक्कामाला उतरेपर्यंत एवढंच ठरवलं, की आता खोटं बोलायचं नाही. शहाणपण म्हणून नव्हे. अंगात ताकदच उरली नव्हती.

दिवेलागणीला तो ओसरीवर होता. मी पिशवी खाली ठेवली आणि चप्पल न काढताच बोलले. "तू म्हणत होतास ते खरं आहे. चहात मी औषध घालत होते. डॉक्टरनं दिलेलं. त्या दिवशी मी शपथ खोटी घेतली."

मला वाटलं तो अंगावर येईल. नाहीतर घर सोडून जाईल. तो कितीतरी महिन्यांनी हसला. मांडीवर थाप मारली. "बग! म्हनत हुतो का न्हाई? म्हनत हुतो का न्हाई मी?" उठला आणि तडक गल्लीत गेला. चुलतभावाच्या दारात उभा राहून मोठ्यानं सांगितलं, "आक्कानं कबूल केलं! घालत हुती! मी येडा न्हाई!" घराघरातनं डोकी बाहेर आली. चुलतभाऊ धावत माझ्याकडं आला. "आक्का, डोकं फिरलंय का तुजं? कशाला सांगितलंस? आता तो काय खातोय?" त्याची बायको म्हणाली, "झाकली मूठ सव्वा लाखाची, आन् तुमी हात उघडूनच दावलासा की." मी म्हटलं, "व्हा घरी. मला झोपायचंय."

पुढचे पाच दिवस त्यानं माझ्या हातचं काही घेतलं नाही. सालाची फळं खायचा, केळी, सीताफळं. अंडी आणून स्वतः उकडायचा. पण एक फरक मला दिसला. तो टॉवरकडं कमी बघायला लागला. एक शंका खरी निघाली होती आणि त्या आनंदात बाकीच्या जरा मागं पडल्या होत्या. सहाव्या दिवशी त्यानं स्वतः दाढी केली, फौजेतली पॅंट घातली आणि म्हणाला, "सांगलीला चल. त्या बाईस्नी इचारायचं हाय."

डॉक्टरीणबाईसमोर तो ताठ बसला. "माझ्या डोक्यात काय घालत हुता तुमी?"

ती माझ्याकडं बघणार, असं मला वाटलं. तिनं बघितलं नाही. म्हणाली, "औषध. मी सांगितलं म्हणून बाईंनी घातलं. तुम्हाला न विचारता. तसं करायला नको होतं, दादा." त्यावर तो जरा गडबडला. भांडायला आलेल्या माणसाला समोरून कबुली मिळाली की काय करावं कळत नाही. मग त्यानं विचारलं, "ते डोक्यात जातंय कसं? भोक पाडून?"

तिनं कागद ओढला. नळीसारखी रक्तवाहिनी काढली, तिच्या काठानं विटांसारख्या पेशी. म्हणाली, "अंगात इतर ठिकाणी या पेशींच्या मधे बारीक फटी असतात, त्यातनं बऱ्याच गोष्टी आत-बाहेर होतात. मेंदूत तसं नाही. तिथं पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात, मधे जागाच नाही. रक्तातली घाण, विष, जंतू सहज आत जाऊ नयेत म्हणून निसर्गानं केलेली भिंत आहे ती. साखरेसारख्या ज्या गोष्टी मेंदूला लागतात त्यांच्यासाठी वेगळी दारं आहेत." तो म्हणाला, "आनि ह्याला दार हाय?" ती म्हणाली, "नाही. हे तेला-तुपात मुरणाऱ्या जातीचं आहे. पेशीचं आवरण स्निग्ध असतं, त्यातनंच हे मुरत पलीकडं जातं. भोक पडत नाही."

तो कागदावर वाकला होता. एकतीस वर्षांत माझ्या वर्गात असं मन लावून कुणी ऐकलं नसेल. ती सांगत गेली, की उलटी थांबवायची एक साधी गोळी असते, ती मेंदूत हे औषध बसतं त्याच जागी बसू शकते, पण तिला ही भिंत फारशी ओलांडता येत नाही, म्हणून ती पोटाचंच काम करते, डोक्यात ढवळाढवळ करत नाही. आणि हे औषधही सगळं आत जात नाही. बरंचसं रक्तातल्या प्रथिनांना चिकटून बसतं, सुटं असेल तेवढंच भिंतीशी पोचतं. त्यातलंही काही पेशी ओळखतात आणि उचलून परत रक्तात फेकतात.

"परत फेकत्यात?" भावाची मान वर झाली. "म्हंजे आत बी पहारा हाय?"

"आहे की."

"मग मी थुकत हुतो ते काय वायलं न्हवतं. माझं डोकं बी तेच करतंय." आणि दोघंही हसले. मी नाही हसले, मी बघत होते.

मग त्यानं मुद्द्याचं विचारलं. "म्हंजे ते माझ्या डोक्यात शिरनार. मला न इचारता." ती म्हणाली, "औषधाला विचारता येत नाही, दादा. ते शिरणारच. म्हणून मी विचारते. महिन्याला एक इंजेक्शन. हळूहळू अंगात उतरत राहील. त्रासही होईल, हात जड होतील, वजन वाढेल, बसवणार नाही कधी कधी. नको म्हणालात तर आज नाही देणार." तो बराच वेळ त्या कागदाकडं बघत राहिला. बाहेर तिचे पेशंट खोळंबले होते, तिनं घड्याळाकडं एकदाही बघितलं नाही.

शेवटी म्हणाला, "माझ्या म्होरं उघडायचं. डबी सीलबंद पायजे." ती म्हणाली, बरं. "आनि आक्का भाईर."

मी उठून बाहेर बाकड्यावर जाऊन बसले. दार लागलं. दर महिन्याला असंच, तो आत, मी बाहेर. पाणी, जेवण, इंजेक्शन, सगळं त्याच्या नजरेसमोर, आणि त्या नजरेत मी पण आले होते. तक्रार कुणाकडं करायची? त्यानं नाही तर कुणी ठेवायचा माझ्यावर डोळा?

पहिल्या इंजेक्शननं काही झालं नाही. नंतर पाय स्वस्थ बसेनात, मग त्यावर एक गोळी आली, ती त्यानं स्वतः पाकिटातनं फोडून घेतली. चाल मंद झाली, तोंडावर भाव कमी झाले, पोट सुटलं. पण चौथ्या महिन्यात एकदा मी विचारलं, "टॉवरवरचे काय म्हणतात रं?" तर तो म्हणाला, "बारीक आवाजात बोलत्यात. जाऊ दे, बोलू दे." सहाव्या महिन्यात त्याला दिसायला लागलं, की छपराचं एक कौल फुटलंय, की माझ्या हातातल्या बांगड्या ढिल्या झाल्यात. चुलतभावाबरोबर पाणी पाजायला जायला लागला. माझ्या हातची भाकरीही खाऊ लागला, न बघता. मला वाटलं, सुटलो. सगळं मागं पडलं.

परवाची गोष्ट. दुपारी मी ओसरीवर तांदूळ निवडत होते. तो रानातनं आला, पाय धुतले आणि माझ्यासमोर येऊन बसला. सुपातला एक खडा उचलून त्यानं बाजूला ठेवला. मग खाली बघूनच विचारलं, "आक्का, किती दिस घालत हुतीस गं?"

मला कळलं. मी म्हटलं, "तीन महिने."

"रोज?"

"रोज. सकाळी आणि संध्याकाळी."

तो सुपातले खडे काढत राहिला. "तवा कळलं तवा मला लय आनंद झाला हुता," तो म्हणाला. "वाटलं, जितलो मी. गल्लीभर बोंबलत फिरलो. आता आठवलं की झोंबतंय. मी दुसऱ्या कुनाचंच खात न्हवतो गं. तुझंच खात हुतो."

तुझ्या भल्यासाठीच रं, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. इतके महिने मी हेच मागत होते, की त्याला जग जसं आहे तसं दिसू दे. त्याला दिसलं होतं, आणि त्या जगात मी काय केलं होतं तेही दिसलं होतं. औषध भिंतीपलीकडं पोचलं म्हणूनच त्याला हे दुखत होतं. माझ्या डोळ्यांतनं पाणी यायला लागलं, ते तांदळात पडू नये म्हणून मी सूप बाजूला सारलं.

"माफ कर मला," मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडं बघितलं. निवळलेली, शहाणी, दमलेली नजर.

"करीन," तो म्हणाला. "पर आज न्हाई."